जुन्या वाचनालयात, थंडीत, चाळीस माणसांत लग्न करायचंय? मग हे वाचा

पुस्तकांमध्ये उभं राहून लग्न करायची हौस असलेली जोडपी हल्ली बरीच दिसतात, आणि हौस चांगलीच आहे, फक्त डोक्यात असतात ते फोटो बहुतेक परदेशी लायब्ररीतले, उंच कपाटं, सरकती शिडी, शंभर मेणबत्त्या वगैरे. बॉस्टन पब्लिक लायब्ररीसारख्या ठिकाणी लग्नं लागतात हे खरं आहे, पण तिथे त्यासाठी वेगळा स्टाफ, वेगळे नियम सगळं ठरलेलं असतं. आपल्याकडे तुम्ही बहुतेक पहिलेच असाल जे ग्रंथपालांसमोर जाऊन "इथे लग्न लावायचंय" म्हणणार. त्यामुळे काय विचारायचं, काय मागायचं आणि काय मागायचंच नाही हे आधी घरी बसून ठरवा. मी एकच कसोटी लावते, जे कागदाला सोसत नाही ते इथल्या लग्नात नको. आग, पाणी, तेल, हळद, तांदूळ. यादी बघून आई म्हणेल मग राहिलं काय, तर बरंच राहतं, सांगते.

आधी जागा. महाराष्ट्रात शंभर-दीडशे वर्षं जुनी वाचनालयं ढिगाने आहेत, आपल्याला मुंबईतली दोनच माहिती असतात एवढंच. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे सावाना १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. शिवाय तालुक्याच्या गावात एखादं कौलारू छपराचं, सागवानी कपाटांचं, दारावर संस्थानिकाच्या नावाची पाटी असलेलं वाचनालय असतंच, आणि माझं मत विचाराल तर अशा लग्नासाठी तेच बेस्ट. मुंबईत काळा घोड्याचं डेव्हिड ससून लायब्ररीचं दगडी घर १८७० चं आहे, मागे बाग आहे, दिसायला अप्रतिमच. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचा टाऊन हॉल १८३३ चा, त्या तीस पायऱ्यांवर प्रीवेडिंगवाले कायम बसलेले असतात, पण पायऱ्यांवर फोटो काढणं वेगळं आणि आत लग्न लावणं वेगळं, तिथे राज्य सरकारचं ग्रंथालयही चालतं, तेव्हा फार आशा लावून जाऊ नका.

एक महत्त्वाचं, इमारत जुनी आहे म्हणून संस्थाही तीच असेल असं धरून चालू नका. बऱ्याच वाचनालयांनी नवी इमारत बांधलीय आणि जुनी वास्तू फक्त संदर्भ विभागासाठी ठेवलीय, किंवा उलट. आधी जाऊन बघा. सभासद व्हा. हे मनापासून सांगतेय, वर्षभराची वर्गणी म्हणजे फार मोठी रक्कम नसते, दोनचार महिने पुस्तकं बदलायला जात राहिलात की ग्रंथपालांना तुम्ही ओळखीचे होता, आणि मग अर्ज करताना "कोण हे?" असं होत नाही.

अर्ज ग्रंथपालांना नाही द्यायचा, कार्यवाहांना द्यायचा. बहुतेक वाचनालयं म्हणजे नोंदणीकृत संस्था, त्यांचं कार्यकारी मंडळ असतं, महिन्यातून एखादी मीटिंग, त्यात विषय आला तर मंजुरी. म्हणजे तुम्ही नोव्हेंबरात लग्न ठरवून डिसेंबरसाठी धावलात तर काही खरं नाही, पावसाळ्यातच सुरुवात करा. अर्जात गोलमोल लिहू नका, माणसं किती, किती वाजता येणार, किती वाजता बाहेर, आत जेवण नाही, आत आग नाही, सजावट सगळी जमिनीवर उभी, भिंतीला काही नाही, एवढं स्पष्ट लिहा. "विवाह सोहळा" लिहिलंत की मंडळातल्या ज्येष्ठांच्या डोळ्यांसमोर बँडबाजा आणि मांडव येतो, "नोंदणी विवाह व ग्रंथपूजन, एक तास" लिहिलंत की चष्मा खाली करून वाचायला लागतात. भाडं नसेल ठरलेलं तर देणगी किती ते त्यांनाच विचारा, आणि पावती घ्या.

आणि अभ्यासिका! हे कोणीच लक्षात घेत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक वाचनालयात वरच्या मजल्यावर नाहीतर मागच्या खोलीत एमपीएससीची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यांची जागा तुम्ही लग्नासाठी अडवलीत तर ते बरोबर नाही आणि तुम्हाला शिव्या बसतील त्याही योग्यच. वाचनालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्या, त्या दिवशीही अभ्यासिका सुरू राहणार असेल तर त्यांचा जिना आणि तुमचा दरवाजा वेगळा ठेवा आणि जेवणाच्या वेळी वर डबे पाठवा. मसालेभात आणि जिलबी वर गेली की खालच्या सनईबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आता तारीख. थंडीतलं लग्न म्हणजे खरंतर दोन तुकडे. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतात, कार्तिकाचा शेवट आणि मार्गशीर्ष, आणि मग पौष आला की बऱ्याच घरांत नको म्हणतात, त्यामुळे संक्रांतीनंतर परत सुरू. मध्ये गुरु-शुक्राचा अस्त आला तर आणखी गाळण. मुहूर्त मानत नसाल तर पौष तुमच्यासाठी सोन्यासारखा, केटरर मोकळे, फोटोग्राफर मोकळा, आणि थंडीही तेव्हाच खरी. पण एक बघा, वाचनालयांचे स्वतःचे कार्यक्रम हिवाळ्यातच असतात, व्याख्यानमाला, दिवाळी अंकांचं प्रदर्शन, लेखक आपल्या भेटीला. काळा घोडा परिसरात लग्न असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतला फेस्टिव्हल टाळा, तेव्हा त्या रस्त्यावर नवरदेवाला सुद्धा आत शिरायला जागा मिळणार नाही.

वेळेचं माझं ठाम मत आहे, गोरज मुहूर्त. जुन्या वाचनकक्षांना उंच खिडक्या असतात, आणि डिसेंबरात दुपारी चारनंतर जो तिरपा उजेड आत येतो तो कुठल्याही डेकोरेटरला जमणार नाही. मुंबई-पुण्यात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपुरात त्याच्याही पंचवीस-तीस मिनिटं आधी. म्हणजे पाहुणे साडेचारला, सह्या पाचला, मंगलाष्टकं सूर्य टेकताना, आणि अंधार पडेपर्यंत सगळे बाहेर अंगणात जेवायला. फक्त एक करा, महिनाभर आधी त्याच वेळेला जाऊन बघा खिडकी कुठल्या दिशेला आहे. पूर्वेची असली तर सगळं गणित उलटं, मग सकाळचं लग्न.

विधींचं काय, हा खरा प्रश्न, आणि घरात भांडण होणार ते इथेच. होम आत करता येणार नाही, विषय संपला. धूर, ठिणगी, तूप, आणि बाजूला शंभर वर्षांचा कोरडा कागद. याच्यावर तीन रस्ते आहेत.

पहिला, विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या, नोंदणी विवाह. लोकांना वाटतं तो रजिस्ट्रार ऑफिसातल्या टेबलावरच होतो, पण कायद्यातच तरतूद आहे की जादा फी भरून विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयापासून वाजवी अंतरावर तुमच्या पसंतीच्या जागी लग्न लावता येतं. अधिकाऱ्यांना त्या दिवशी वेळ आहे का हे मात्र खूप आधी विचारा. नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहात असला पाहिजे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न नाही झालं तर परत पहिल्यापासून. तीन साक्षीदार. आणि यातली सुंदर गोष्ट, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना जे वाक्य म्हणायचं असतं ते दोघांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत चालतं. मराठीत म्हणा ना मग, मोठ्याने, स्पष्ट. वाचनालयात माईक नसताना म्हटलेलं ते एक वाक्य चाळीस माणसांना ऐकू जातं आणि सगळे एकदम गप्प होतात.

दुसरा रस्ता सत्यशोधक पद्धत. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ मध्ये काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, म्हणजे हेही थंडीतलंच. भटजी नाही, होम नाही, मराठी मंगलाष्टकं, वधूवर एकमेकांना वचनं देतात. वाचनालयाला इतकी चपखल बसणारी पद्धत दुसरी नाही. आजही ही लग्नं लावणारे कार्यकर्ते ठिकठिकाणी आहेत, ते येतात आणि व्यवस्थित लावून देतात.

तिसरा, घरच्यांना सप्तपदी हवीच असेल तर. सकाळी घरी नाहीतर वाचनालयाच्या मागच्या अंगणात, इमारतीपासून लांब, होमकुंड ठेवून गुरुजींकडून सगळं साग्रसंगीत करा आणि संध्याकाळी आत फक्त ग्रंथपूजन, अंतरपाट, मंगलाष्टकं, उखाणे. यात एक अडचण आहे, सकाळी लागलेलं लग्न संध्याकाळी परत कसं लावायचं असं एखादे काका विचारणारच. त्यांना सांगा की संध्याकाळी स्वागत समारंभ आहे, अंतरपाट हौसेचा. आणि यातली नोंदणी नंतर वेगळी करायची असते, ती विसरू नका.

अक्षता आत नको. तांदूळ कपाटाखाली गेले की झाडूने निघत नाहीत, मग उंदीर, मग कसर, आणि त्यावर हळद-कुंकवाचा रंग. ओल्या फुलपाकळ्याही नको, पायाखाली येऊन फरशीला डाग आणि दमटपणा. आत "शुभ मंगल सावधान" झालं की टाळ्या, बस. अक्षता लोकांच्या हातात द्यायच्याच असतील तर बाहेर पायरीवर, जोडपं बाहेर पडताना, तिथे मनसोक्त टाका. हळद आदल्या दिवशी घरी आणि नीट धुऊन, कारण हळदीचा हात लागलेलं पान काही केल्या पांढरं होत नाही. औक्षण दाराबाहेर. निरांजन आत न्यायचं नाही, आतल्या तबकात बॅटरीचे दिवे ठेवले तर आजी नाक मुरडेल पण ठीक आहे.

मंगलाष्टकांबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे कारण पुस्तकवेड्या घरात प्रत्येकजण स्वतः रचून आणतो. परंपरेने ती शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, आणि हौशी मावश्या सोळा-सतरा-बावीस काहीही करतात आणि मग गाताना गाडी अडकते. एक नमुना देते, चालीवर म्हणून बघा:

ग्रंथांच्या सहवासि या शुभदिनी, जोडी नवी शोभते

हे बसतं. याच वजनावर बाकीच्या ओळी रचा, चौथी ओळ "कुर्यात् सदा मंगलम्" वर संपवा, आणि एकूण पाच कडव्यांच्या वर जाऊ देऊ नका. पाहुणे उभे असतात हो. अंतरपाट घरचा जुना असला तर छानच, नाहीतर पांढऱ्या सुती कापडावर दोघांनी आपापल्या हाताने आवडती ओळ लिहायची आणि कोणाकडून तरी दोऱ्याने भरून घ्यायची, त्याची तिच्या बाजूला, तिची त्याच्या बाजूला, म्हणजे पाट धरलेला असताना समोर दुसऱ्याचं अक्षर दिसतं.

माणसं. चाळीस म्हणजे चाळीस. जुन्या इमारतीची जमीन, जिना, वायरिंग, संडास सगळं बघितलं की चाळीससुद्धा जास्त वाटतात. यादी करताना दोन्हीकडून वीस-वीस अशी वाटणी करू नका, कोणाच्या घरात सख्खी आत्या-मामा मंडळीच पंचवीस असतात. बाकीच्यांसाठी आठवडाभराने नेहमीच्या हॉलवर रिसेप्शन, आणि हे पत्रिका जायच्या आधी फोन करून सांगायचं, कारण मेसेजवर कळलं की राग येतो. लिफ्ट नसतेच, तेव्हा गुडघेवाल्या मंडळींसाठी तळमजला घ्या.

पत्रिकेला मात्र इथे भरपूर खेळायला मिळतं. वाचनालयाचं कॅटलॉग कार्ड असतं ना, साडेबारा बाय साडेसात सेंटीमीटरचं, खाली मधोमध भोक, त्याच आकारात जाड पिवळसर कार्डावर छापा. वर डाव्या कोपऱ्यात वर्गांक ३९२.५, पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत विवाहाच्या चालीरीतींचा तोच आकडा आहे. लेखकाच्या जागी दोघांची नावं, प्रकाशकाच्या जागी दोन्ही घरची नावं, "आवृत्ती पहिली" लिहायचं की नाही ते तुमच्या सासरच्यांचा विनोदाचा अंदाज घेऊन ठरवा. मागे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असते तशी तारखांची चिठ्ठी, तिच्यावर साखरपुड्याची तारीख, केळवणाची तारीख आणि शेवटी लग्नाची, रबरी शिक्क्याने, थोडी वाकडी. शिक्का हाताने मारा, छापू नका, छापलेला लगेच कळतो. शिक्के बनवणारा कुठल्याही कोर्टाच्या बाहेर सापडतो.

तेच आकडे जेवणाच्या टेबलांना द्या, नंबर एक-दोन-तीन कशाला. नवरानवरीचं टेबल ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्य. खाण्यावर प्रेम असलेल्या काकालोकांना ६४१.५, स्वयंपाक. लांबून आलेल्या चुलत भावंडांना ९१०, प्रवास. शेअर बाजारावर बोलणाऱ्यांना ३३२. मुहूर्त काढणाऱ्या मामांना १३३.५, फलज्योतिष, ते हसले तर ठीक नाहीतर सांगा की योगायोग आहे. ग्रंथपाल मॅडमना आमंत्रण दिलंच असेल, त्या हे टेबल बघून जितक्या खूश होतात तितक्या देणगीनेही होत नाहीत.

सजावटीत मी अगदी कडक आहे. पुस्तकं फाडून, पानं दुमडून गुलाब करायचे, पानांचे तोरण करायचे, हे लायब्ररीत करू नका हो, दारातच अपशकुन. कागदी फुलं हवीत तर रद्दीच्या वर्तमानपत्राची करा. वाचनालयाची पुस्तकं सजावटीला मागू नका, स्वतःची आणा, आणि आणलेली परत न्या. हेरिटेज इमारत असेल तर खिळा, चिकटपट्टी, दगडावर वायर काहीच नाही, सगळं आपापल्या पायावर उभं राहणारं. खरंतर सागवानी कपाटं आणि काचेमागची चामडी बांधणीची पुस्तकं असली की मध्ये एक पितळी समई, तीही न पेटवता, आणि झेंडूऐवजी सुकी गव्हाची-ज्वारीची कणसं, एवढं पुरतं. लिली आणाल तर तिचे पराग कपड्याला आणि कागदाला लागतात, निशिगंध चालेल पण पाणी असलेली फुलदाणी टेबलावर नको. आतल्या टेबलांवर दिवाळी अंक ठेवा. थंडीतल्या मराठी लग्नाला याच्याइतकी बरोबर वस्तू दुसरी नाही, १९०९ पासून चालत आलेली आपली चाल आहे ही, आणि सही होईपर्यंत ताटकळलेले पाहुणे चाळत बसतात. डिसेंबर उजाडला की दुकानदार उरलेले अंक कमी किमतीत देतात, मग तोच परतीचा आहेर.

आता रुखवत. हे माझं सगळ्यात आवडतं. साखरेचे मनोरे आणि खेळण्यातला संसार बाजूला, रुखवतात पुस्तकं मांडायची. पण नुसती नवी कोरी नाही. मुलीकडच्या प्रत्येकाने आपल्या घरातलं एक वाचलेलं पुस्तक द्यायचं आणि पहिल्या कोऱ्या पानावर दोन ओळी, का देतोय. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तिच्या आजीने स्वतःची पाककृतींची वही दिली होती, बाइंडिंग सुटलेली, मधल्या पानावर तेलाचा मोठा डाग, चकलीच्या भाजणीचं प्रमाण तीनदा खोडून लिहिलेलं आणि समासात "पहिलंच बरोबर होतं" असं. ती वही पाहायला जी रांग लागली ती नवरीच्या दागिन्यांना लागली नाही. मुलाकडच्यांनीही मांडायचं, एकाच बाजूने कशाला.

"कृपया आहेर आणू नये" लिहिलं तरी लोक आणतातच, तेव्हा सरळ लिहा की पुस्तकच आणा. एकच पुस्तक पाच जण आणतात, हमखास, म्हणून एखाद्या पुस्तकवाल्या भाचीला कोऑर्डिनेटर करा, लोकांनी तिला फोन करून नाव नोंदवायचं. जुनी पुस्तकं हवीत तर पुण्यात आप्पा बळवंत चौक आणि मुंबईत किंग्ज सर्कलचे, फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले, सकाळी लवकर जा. पाहुण्यांना परत द्यायला शाळेसारखं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक, वर नाव नाही, फक्त इशारा, "पावसाची भीती वाटणाऱ्यांसाठी", "सासूबाईंना आवडेल असं", असं काहीबाही. लोक तिथेच फाडून बघतात आणि आपसात बदलाबदली करतात, तासभर मस्त करमणूक.

वरातीला ग्रंथदिंडी काढा. साहित्य संमेलनात निघते तशी, फक्त छोटी. पालखी गावातल्या भजनी मंडळाकडे मिळते, तिच्यात दोन्ही घरची एकेक पुस्तकं, पुढे टाळ-मृदंग, मुली लेझीम घेऊन, चौकापासून वाचनालयाच्या दारापर्यंत. दारात पोचल्यावर टाळ बंद, तिथून आत फक्त पावलांचा आवाज. रस्त्यावर काढताय तर पोलीस स्टेशनला आधी पत्र द्या. जवळ कोर्ट, हॉस्पिटल किंवा शाळा असेल तर तिथून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं हेही बघून घ्या, फोर्टसारख्या भागात तर पावलोपावली.

आत आवाज कमी म्हणजे कमी. एक बासरीवाला नाहीतर सनईचा एकच जण, स्पीकर नको. जुन्या वायरिंगवर हॅलोजन लाईट टाकला की फ्यूज जाणार, सजावटवाल्याला जनरेटर बाहेर लावायला सांगा. फोटोग्राफरला आधी घेऊन जा, दुर्मिळ ग्रंथांच्या आणि पोथ्यांच्या कपाटापुढे फ्लॅश मारायचा नाही, कपाट उघडून "जरा हातात धरा" असं म्हणायचं नाही.

उखाणे घ्यायला लावणारच. दोन देऊन ठेवते, नाव आपापलं भरा.

वाचनालयाच्या पायरीवर ठेवलं पहिलं पाऊल,
अमुकच्या हातातल्या पुस्तकाला माझ्या नावाची चाहूल.

आणि नवरदेवासाठी,

लेट फी भरली, खातं झालं साफ,
अमुकचं नाव घेतो, उशीर झाला तर माफ.

पाहुण्यांच्या शुभेच्छांची वही असते ना, तिच्याऐवजी कार्डाचा खण. काही वाचनालयांत अजून लाकडी कॅटलॉगचं कपाट पडून असतं, छोटे छोटे खण, पुढे पितळी कडी, आत कार्डांच्या भोकातून गेलेली सळई. तेच वापरायला मागू नका, तसा एक खण सुताराकडून करून घ्या, अ ते ज्ञ खुणेची कार्डं उभी करा. प्रत्येकाने कार्डावर लिहायचं आणि आपल्या अक्षराखाली लावायचं. यात गंमत अशी की सगळे आत्या, काका, मामा नावाखाली लावू की नात्याखाली यावर वाद घालतात, आणि शेवटी "आ" खाली सगळ्या आत्या, आज्या आणि एक आजोबा.

जेवण बाहेर. अंगण, बाग, शेजारच्या शाळेचं पटांगण, काहीही, पण पुस्तकांच्या खोलीत पाण्याचा ग्लाससुद्धा नको. थंडीचे दिवस म्हणजे मेनूला बहार, जानेवारी असेल तर कोवळा हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, ताज्या मटारची उसळ, पावट्याची आमटी, मसालेभात, गाजर हलवा, गुळाची पोळी, रात्री उशिरा मसाला दूध. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो, उघड्यावर पंगत असेल तर ताट वाढेपर्यंत वरण गार, त्यामुळे पोळ्या-भाकऱ्या गरम करणारी शेगडी पंगतीच्या जवळच ठेवा, वाचनालयाच्या भिंतीपासून मात्र लांब. म्हाताऱ्या माणसांना पाटावर शाल पसरून द्या. मुंबईत शालीची फक्त फोटोसाठी गरज. ज्यांना हे सगळं घरगुती वातावरणातच हवंय आणि शहर नकोय त्यांनी भिलारचा विचार करा, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं पुस्तकांचं गाव, २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलीयत, ऐतिहासिक इमारत नाही पण थंडी कडकडीत आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम तेव्हाच.

आवराआवर त्याच रात्री, सकाळवर ढकलायची नाही. एकही खरकटं पान, फूल, मिठाईचा चुरा रात्रभर राहिला की मुंग्या आणि झुरळं. दोन तरणे भाऊ या कामाला आधीच ठरवून ठेवा आणि त्यांना त्या दिवशी शेरवानी घालू देऊ नका. खुर्च्या जिथल्या तिथे, टेबलं सरकवली असतील तर ग्रंथपालांना दाखवून परत, शक्यतो आधीचा फोटो काढून ठेवा. शिपाई काकांना वेगळं पाकीट, सुट्टीचा दिवस त्यांचा गेलाय.

देणगी द्यायची तर पैसे द्या, किंवा त्यांनाच विचारा काय हवंय. एखाद्या कपाटाची दुरुस्ती, बालविभागाला नवी पुस्तकं, दुर्मिळ ग्रंथांचं स्कॅनिंग, काहीतरी असतंच यादीत, सरकारी अनुदानात भागत नाही कोणाचंच. रुखवतातली जास्तीची पुस्तकं न विचारता तिथे सोडून येऊ नका, जुनी पाठ्यपुस्तकं आणि तीच ती आत्मचरित्रं त्यांच्याकडेही गठ्ठ्याने पडलेली असतात. आणि नोंदणी विवाह केला असेल तर प्रमाणपत्राच्या दोनतीन प्रमाणित प्रती लगेच काढून घ्या, पासपोर्टला, बँकेला, व्हिसाला लागतात, आणि मूळ प्रत हौसेने रुखवतातल्या एखाद्या पुस्तकात ठेवू नका, ते पुस्तक नेमकं कोणीतरी वाचायला मागून नेतं.